एक्सआरडीत १५ मिग्रॅ राखेसाठी (१००) सिलिकॉन वेफर होल्डर म्हणून चालेल का?

कोराडी_राख: नमस्कार. कोराडीकडच्या एअर फिल्टरवरून झाडून घेतलेली फ्लाय ॲश (कोळशाची उडती राख) आहे, जेमतेम १५ मिग्रॅ. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) करतोय, ट्यूब कॉपरची, कोन सगळे २θ. काचेच्या स्लाइडवर २०° ते ३०° मध्ये मोठा फुगवटा येतो आणि २६.३° चा म्युलाइट (राखेतलं ॲल्युमिनियम सिलिकेट), २६.६° चा क्वार्ट्झ यांची पीक त्याच्यावरच बसतात. राखेतही काच असतेच, मग यातला स्लाइडचा वाटा ओळखायचा कसा? (१००) वेफर, म्हणजे (१००) पातळीला समांतर कापलेली एकाच स्फटिकाची चकती, लावून पाहिला, तर रिकाम्या वेफरवरही ३३° ला टोकदार पीक आहे.

अजनी_लॅब: ते सिलिकॉनचं (२००). एरवी निषिद्ध, पण बहुविवर्तनामुळे (किरण स्फटिकात एकापाठोपाठ दोनदा विवर्तित झाल्याने) दिसतं. वेफर त्याच्याच पातळीत १०-१५° फिरवून रिकामा स्कॅन घ्या, एखाद्या दिशेला ते मावळतं. ती दिशा सापडली की कडेला खूण करा आणि स्पिनर (नमुना फिरवणारी मोटर) बंद ठेवा, नाहीतर पीक परत येईल. स्कॅन ६५° ला थांबवा, कारण ६९° ला सिलिकॉनचं (४००) पीक आहे आणि ते डिटेक्टरवर तुटून पडतं. बजेट असेल तर (५१०) किंवा (९११) कापाची सिलिकॉन चकती घ्या, मग ही कटकटच नाही.

धरमपेठ_एक्सआरडी: भरण्याबद्दल. राख अगेटच्या खलात आयसोप्रोपेनॉल घालून घोटा. ॲसिटोन नको; नागपूरच्या मे महिन्यात ते थेंब पसरायच्या आतच उडतं आणि पावडर कडेला कड्यासारखी जमते. वेफरवर साधारण २० मिमी व्यासात थेंब-थेंब सोडा, वर पेट्री डिश किंचित उघडी पालथी घाला, सावकाश सुकू द्या. १५ मिग्रॅचा थर २० मायक्रॉनच्या आसपास बसतो. ग्रीस लावू नका, तिचा स्वतःचा फुगवटा असतो.

उंची नक्की तपासा. २४० मिमी त्रिज्येच्या गोनिओमीटरवर (कोन मोजणाऱ्या यंत्रभागावर) पृष्ठभाग ०.१ मिमी खाली गेला, तर पीक जवळजवळ ०.०५° डावीकडे सरकतं. ०.५° स्लिट (किरण आखूड करणारी फट) असेल तर १०° ला किरण सुमारे २४ मिमी लांब पसरतो, म्हणजे थराबाहेर. सुरुवात १५° पासून करा, म्युलाइटचं १६.४° चं पीक तरीही मिळतं.

कोराडी_राख: आभार. रिकाम्या स्लाइडचा स्कॅन जुन्या डेटातून वजा केला तर?

अजनी_लॅब: सरसकट नको. वरची राख स्लाइडकडे जाणारा आणि तिथून येणारा, दोन्ही किरण शोषते, आणि लहान कोनात जास्त. वजाबाकीत लहान कोनाकडे खोटा खड्डा पडेल. वेफरवर पुन्हा घ्या. तिथे उरलेला फुगवटा राखेचा. अर्ध-एक ग्रॅम राख हाती असती तर साधा खोल खाचेचा होल्डर गच्च भरून भागलं असतं, किरण तळापर्यंत पोचतच नाही.