२५ डिसेंबर ही तारीख खरोखरच सूर्यपूजकांकडून उचललेली आहे का?

ग्रंथकीटक:
'चौकस' यांनी परवा येथे ठामपणे लिहिले की, येशूचा जन्म हिवाळ्यात झालाच नव्हता, सम्राट ऑरेलियनने २७४ साली सुरू केलेला 'अजिंक्य सूर्या'चा जन्मोत्सव चर्चने जसाच्या तसा चोरला, आणि म्हणून नाताळ हा ख्रिस्ती सण नव्हेच. जन्माची तारीख कोणालाच ठाऊक नाही, हे मला मान्य आहे. मात्र चोरीची ही कथा दर डिसेंबरात पुराव्याविना फिरते आणि तिचा आता कंटाळा आला आहे. ऑरेलियनने रोममध्ये सूर्यमंदिर उभारले हे खरे, पण ते २५ डिसेंबरला उभारले असे त्या काळचा एकही लेख सांगत नाही. त्या तारखेच्या सूर्योत्सवाची सर्वांत जुनी नोंद ३५४ सालच्या एका रोमन संकलनात मिळते, आणि त्याच संकलनातील हुतात्म्यांच्या यादीत, जी बहुधा ३३६ सालची आहे, ख्रिस्त बेथलेहेमात जन्मल्याची नोंदही त्याच तारखेला आहे. एकाच ग्रंथातल्या दोन पानांवरून चोर कोण आणि साव कोण, हे आपण कसे ठरवलेत? सॅटर्नेलिया या रोमन उत्सवाचे नाव घेण्यापूर्वी तो १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ पर्यंत आटोपत असे, एवढे तरी पाहावे.

चौकस:
तारखेचा कागद सापडत नाही म्हणून संबंधच नव्हता, हा युक्तिवाद कोर्टात शोभतो, इतिहासात नाही. पाचव्या शतकात पोप पहिले लिओ यांना नाताळच्याच एका प्रवचनात आपल्या श्रद्धाळूंची कानउघाडणी करावी लागली, कारण ही मंडळी संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून गेल्यावर मागे वळून उगवत्या सूर्यापुढे मान लववीत असत. सूर्याचा काही संबंधच नसता, तर पोपमहाशयांना इतका त्रास का व्हावा? आणि बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ येशूच्या जन्माच्या रात्री रानात कळप राखीत होते. डिसेंबरच्या थंडीत रानात कोण राहतो?

माणदेशी:
आम्ही राहतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे आहेत. दसरा-दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा (कळप आणि बिऱ्हाड) बाहेर पडतो तो पाऊस लागेपर्यंत गावी फिरकत नाही. ऐन डिसेंबरात शेतात मेंढरे बसवून, भोवती वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून, घोंगडी पांघरून मी स्वतः जागलो आहे. पॅलेस्टाईनमध्ये तर पाऊसच हिवाळ्यात पडतो, आणि बेथलेहेमच्या पूर्वेकडचे ओसाड डोंगर हिरवे होतात ते त्याच महिन्यांत. चारा असेल तेथे मेंढपाळ जाणार. याचा अर्थ जन्म डिसेंबरातच झाला असा नव्हे. त्या एका वाक्यावरून ऋतू ठरत नाही, इतकेच. ज्यांनी आयुष्यात मेंढरू वळले नाही, त्यांनी मेंढपाळांच्या दिनचर्येवर निकाल देऊ नयेत.

पापडीची सून:
माझे दुःख वेगळे आहे. कार्यालयात दर वर्षी कोणीतरी करंजी तोंडात टाकता टाकता मला सांगतो की 'तुमचा सण मुळात तुमचा नाहीच'. करंज्या आम्ही दिवाळीवाल्यांकडून चोरल्या, असेही उद्या ऐकावे लागेल. परक्यांचे सोडा, माझे एक काका दुसऱ्या चर्चच्या नव्या मंडळीत गेल्यापासून बायबलमधील यिर्मया या संदेष्ट्याच्या दहाव्या अध्यायाचा, म्हणजे झाड तोडून सजवण्याच्या निषेधाचा, हवाला देऊन झाड, तारा आणि गोठा या तिन्हींना मूर्तिपूजा ठरवतात. आजी गेली त्या वर्षीही ते नाताळला घरी आले नाहीत. नाताळचे झाड जर्मन प्रदेशांत सोळाव्या शतकाच्या सुमारास रुळले. यिर्मया त्याच्या दोन हजार वर्षे आधीचा. 'चौकस' यांना जे संशोधन वाटते, त्याने आमच्या घरात अबोला आणला आहे.

पंचांगवाला:
मूळ मुद्दा सगळ्यांनीच सोडला. रोमन दिनदर्शिकेत मकरायन, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस, परंपरेने २५ डिसेंबर मानला जाई. प्लिनी या रोमन लेखकानेही तसेच लिहिले आहे. चौथ्या शतकापर्यंत खरा दिवस २१ डिसेंबरच्या आसपास सरकला होता, तरी लोक जुन्याच तारखेला चिकटून होते. आपली मकरसंक्रांत याहून वेगळी आहे काय? शासकीय गणिताप्रमाणे संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ सुमारे २८५ साली एकत्र होते. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे, आणि तरी आपण १४ जानेवारीला 'आजपासून उत्तरायण' म्हणून तिळगूळ वाटतो.

चौकस:
१४ जानेवारी कोणाची? टिळक पंचांग मानणाऱ्या आमच्या घरी संक्रांत १० जानेवारीला होते.

पंचांगवाला:
म्हणूनच रत्नागिरीत आमच्या आत्याकडे दोनदा हळदीकुंकू होई, एकदा माहेरच्या पंचांगाने आणि एकदा सासरच्या. अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ आणि ऋतुचक्र यांतले अंतर, कोणता धरायचा, याचा निर्णय लोकमान्यांच्या हयातीत लागला नाही आणि १९५७ साली राष्ट्रीय दिनदर्शिका येऊनही तो घरोघरी पोचला नाही. रेवतीपक्षाचा, म्हणजे टिळक पंचांगाच्या गणिताचा, आग्रह धरणाऱ्यांना...

चौकस:
रेवतीपक्षावर घसरू नका. येथे मी ख्रिस्ती कालगणनेबद्दल विचारतो आहे आणि आपण माझ्या घरचे पंचांग काढता, हा उद्धटपणा आहे.

माणदेशी:
टिळक पंचांग तुम्हीच काढलेत, राव.

ग्रंथकीटक:
पंचांगाचा वाद बाजूला ठेवला तरी पंचांगवाल्यांचा मुद्दा उरतोच: अयनाचा दिवस दोघांच्याही समोर होता, तो कोणाच्या मालकीचा नव्हता. शिवाय तारखेचा दुसरा मार्गही आहे. टर्टुलियन या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूची तारीख २५ मार्च दिली आहे. गर्भधारणा आणि मृत्यू एकाच तिथीला, असे मानले की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे ६ एप्रिल धरत, म्हणून ६ जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी जन्मोत्सव करते. हा तर्क ड्यूशेन या फ्रेंच अभ्यासकाने १८८९ साली मांडला.

चौकस:
आणि ही बेरीज स्पष्ट शब्दांत मांडणारा ऑगस्टीन हा ख्रिस्ती धर्मपंडित पाचव्या शतकातला, म्हणजे सण रूढ झाल्यानंतरचा. ठरलेल्या तारखेला मागाहून गणित जोडणे अवघड नसते. ऑरेलियनची तारीख मी सोडतो, कारण तिच्यासाठी माझ्याजवळ खरोखरच कागद नाही. पोप लिओंच्या पायऱ्यांचे उत्तर मात्र अजून कोणीही दिलेले नाही.

पापडीची सून:
उत्तर सोपे आहे. लोक सूर्याला नमस्कार करीत होते आणि पोप त्यांना रागावत होते. आमच्या गावात आजही फादर ज्या गोष्टींवरून रागावतात, त्या सगळ्या आम्ही करतोच. त्यावरून आमचा धर्म कोठून आला हे कसे ठरणार?

पंचांगवाला:
रशियन चर्च आजही ज्युलियन दिनदर्शिकेने चालते, म्हणून तेथे नाताळ ७ जानेवारीला येतो. २१०१ पासून तो ८ जानेवारीला येईल. टिळक पंचांगाशी त्याची तुलना करावी काय, हे मी आता विचारत नाही.