विद्यार्थ्यांनी चालवलेले आंतरराष्ट्रीय घडामोडींचे नियतकालिक टिकवायचे कसे?

अक्षांश_रेखांश (प्रश्न)

पुण्यात राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या आम्ही सात जणांनी गेल्या वर्षी आंतरराष्ट्रीय घडामोडींना वाहिलेले एक मराठी त्रैमासिक सुरू केले. आतापर्यंत तीन अंक निघाले असून पहिले दोन पीडीएफ स्वरूपात वाटले, तर तिसऱ्याच्या दीडशे प्रती आपसांत वर्गणी काढून छापल्या. येत्या मे महिन्यात आमच्यापैकी चार जणांचे शिक्षण पूर्ण होईल आणि त्यानंतर अंक कोण काढणार, हे आज कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी अडचण मला याहून गंभीर वाटते. तिन्ही अंक सलग वाचले तेव्हा लक्षात आले की, आमचे निम्म्याहून अधिक लेख म्हणजे इंग्रजी वृत्तपत्रांतील विश्लेषणांचे मराठी सार आहे. युक्रेन, गाझा, तैवान या विषयांवर आम्ही जे लिहिले, ते आमच्या वाचकाने आधीच कुठेतरी वाचलेले होते. एका प्राध्यापकांनी आपुलकीने असे सुचवले आहे की, संपादकपद विभागाकडे द्यावे म्हणजे सातत्य राहील आणि दर्जाही सुधारेल. परदेशांतील विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी चालवलेली अशी नियतकालिके दशकानुदशके चालू आहेत, असे ऐकून आहे. ती कशी चालतात आणि त्यांतले आमच्यासारख्या लहान गटाला काय घेता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टेम्सकाठचा_मुळेकर

मी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलो आहे. तेथील ‘मिलेनियम’ या नियतकालिकाच्या संपादक मंडळात मी नव्हतो. मात्र वर्गातल्या वाचनयाद्यांत त्याचे जुने अंक सतत समोर येत, त्यामुळे त्याच्याविषयी मला आस्था आहे. ते १९७१ मध्ये सुरू झाले. संशोधक विद्यार्थी त्याचे संपादन करतात, संपादक दरवर्षी बदलतात आणि वर्षाला तीन अंक निघतात. संपादक इतक्या वेगाने बदलत असूनही ते पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

मात्र ते किती वर्षे चालले यापेक्षा त्यात काय छापले गेले, हे पाहणे तुमच्या अधिक उपयोगाचे ठरेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत अनेक वर्षे काम करून नंतर अध्यापनाकडे वळलेल्या रॉबर्ट कॉक्स यांचा एक निबंध १९८१ मध्ये त्यात प्रसिद्ध झाला. कोणताही सिद्धान्त कोणासाठी तरी आणि कोणत्या तरी हेतूने मांडलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. शीतयुद्धाच्या ऐन भरात सत्तासमतोल आणि अण्वस्त्रांची गणिते यांतच गुंतलेल्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्याशाखेला ते मूळ प्रश्नापर्यंत घेऊन जाणारे होते आणि आज जगभरच्या अभ्यासक्रमांत तो निबंध लावलेला असतो. पुढे १९८८ मध्ये याच विद्यार्थ्यांनी ‘स्त्रिया आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ या विषयाला अख्खा अंक वाहिला. प्रस्थापित नियतकालिकांना तोवर हा विषय आपल्या कक्षेतला वाटत नव्हता. ज्यांचे नाव अजून व्हायचे आहे, ज्यांना कोणत्याही पंथाची राखण करायची नाही आणि जे या विषयातले वाद पहिल्यांदाच वाचत आहेत, अशा संपादकांनाच हे सुचू शकते, असे माझे मत आहे. म्हणून संपादकपद विभागाकडे देऊ नका. प्राध्यापकांचे सल्लागार मंडळ अवश्य नेमा, प्रत्येक लेख त्यांच्यापैकी एकाकडून वाचून घ्या, पण कोणता विषय घ्यायचा आणि काय छापायचे याचा निर्णय तुमच्याकडेच असू द्या.

अमेरिकेतली उदाहरणे थोडी वेगळी आहेत. ‘हार्वर्ड इंटरनॅशनल रिव्ह्यू’ १९७९ पासून पदवीपूर्व विद्यार्थी चालवतात आणि राष्ट्रप्रमुखांपासून अभ्यासकांपर्यंत अनेकांकडून लेख मागवतात. तो मार्ग हार्वर्डच्या नावावर चालतो. तुम्ही त्यामागे लागू नये. कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चालवलेले, १९४७ मध्ये सुरू झालेले ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स’ मात्र तुम्ही जरूर पाहा. एका अंकासाठी एकच विषय, अशी त्याची पद्धत आहे. सात जणांच्या गटाला ही पद्धत विशेष सोयीची आहे, कारण सर्वांचे वाचन एकाच दिशेने होते, एकाला सापडलेला दस्तऐवज दुसऱ्याच्या लेखाला उपयोगी पडतो आणि एकाने केलेली चूक दुसऱ्याच्या लगेच लक्षात येते.

आता उत्तराधिकाराविषयी. नव्या संपादकांची निवड जूनमध्ये करू नका, डिसेंबरमध्येच करा आणि पुढचे दोन अंक जुन्या व नव्या संपादकांनी बरोबरीने काढावेत. त्या काळात एक वही तयार झाली पाहिजे. कोणत्या लेखकाला केव्हा पत्र लिहिले, त्याचे काय उत्तर आले, कोणत्या छापखान्याने किती दर लावला, कोणता लेख का नाकारला, हे सर्व तिच्यात लिहिलेले असावे. पुण्यात पदवीला असताना आम्ही काढत असलेले एक अनियतकालिक, ईमेल आणि संकेतस्थळ यांचा ताबा एकाच मित्राकडे होता आणि तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला, एवढ्या कारणावरून बंद पडले. त्यात त्याचा दोष नव्हता. व्यवस्था लावून ठेवायला हवी हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

काना_मात्रा

मी वीस वर्षे मराठी मुद्रितशोधन आणि संपादन करत आहे, तेव्हा मजकुराविषयी लिहिते.

इंग्रजी लेखाचे सार करण्याचा सर्वांत मोठा धोका हा की, त्यातली ढिलाई आपल्या मराठीत ठाम विधान होऊन उतरते. उदाहरणार्थ, ‘भारताने संयुक्त राष्ट्रांत रशियाच्या बाजूने मत दिले’ असे वाक्य मी अनेक हस्तलिखितांत दुरुस्त केले आहे. आमसभेत २ मार्च २०२२ रोजी रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाच्या बाजूने १४१ आणि विरोधात ५ मते पडली, तर ३५ देश तटस्थ राहिले. भारत या ३५ देशांपैकी एक होता. विरोधी मत आणि तटस्थता यांतल्या अंतरातच भारताच्या परराष्ट्र धोरणाचा सगळा मुद्दा सामावलेला आहे. संयुक्त राष्ट्रांची मतदानाची नोंद, परराष्ट्र मंत्रालयाची निवेदने आणि संसदेतली प्रश्नोत्तरे ही सर्व संकेतस्थळांवर खुली आहेत. वृत्तपत्रातून घेतलेली प्रत्येक आकडेवारी मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहायची, एवढा एक नियम केलात तरी तुमचा अंक पुष्कळ सुधारेल.

दुसरे असे की, संज्ञा आधी ठरवा. आपल्या वृत्तपत्रांत ‘युद्धविराम’, ‘शस्त्रसंधी’ आणि ‘शांतता करार’ हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात. कोरियाचे उदाहरण घ्या. तेथे २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली, म्हणजे लढाई थांबली; युद्ध संपवणारा शांतता करार मात्र आजतागायत झालेला नाही. हा फरक भाषेत राखला नाही, तर त्या द्वीपकल्पावरची परिस्थिती वाचकाला समजणारच नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवा, आणि कोशातला शब्द अवघड वाटला तर तुमचा पर्याय ठरवून तो सर्व अंकांत एकसारखा वापरा. विशेषनामांचेही तसेच आहे. युक्रेनी उच्चाराप्रमाणे ‘कीव’ लिहायचे की रशियन उच्चारावरून आलेले ‘किएव्ह’, हा निर्णय केवळ शुद्धलेखनाचा राहत नाही.

आणि विषय दूरचाच घ्यायचा, असे थोडेच आहे! नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. त्याचा फटका न्हावा शेवा बंदरातून युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांना ऐन हंगामात बसला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठवली. आपल्याकडे ती लासलगावची बातमी म्हणून वाचली गेली, पण ढाक्यातल्या बाजारात आणि भारत-बांगलादेश संबंधांत तिचे काय झाले? इराणमधल्या चाबहार बंदराचे काम पाहण्यासाठी जी भारतीय कंपनी स्थापन झाली, तिच्या उभारणीत कांडला बंदराबरोबर उरणजवळचे आपले जवाहरलाल नेहरू बंदर होते, हे तुमच्या किती वाचकांना ठाऊक असेल? निफाडच्या निर्यातदाराशी किंवा उरणच्या सीमाशुल्क दलालाशी बोलणे तुम्हाला जितके सहज शक्य आहे, तितके ते वॉशिंग्टनमधल्या विश्लेषकाला नाही.

उंबरठा_७७

वरील प्रतिसादांशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु एक शंका मांडतो. विद्यार्थी अशा नियतकालिकासाठी वेळ देतात तेव्हा पुढे संशोधनाच्या प्रवेशासाठी त्याचा उपयोग व्हावा, अशी त्यांची रास्त अपेक्षा असते. मराठी लेख परदेशी निवड समिती वाचू शकणार नाही. प्रत्येक लेखाचा एक पानी इंग्रजी गोषवारा द्यावा, म्हणजे नव्या मुलांना या कामाकडे वळवणे सोपे जाईल. अंक मात्र मराठीतच राहावा. इंग्रजीत असे लिहिणारे पुष्कळ आहेत.

साक्षीपुरावा

मी वकील आहे. छापील अंकाविषयी दोन गोष्टी वेळीच लक्षात घ्या.

पहिली नोंदणीची. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला, २०२३ चा प्रेस आणि नियतकालिके नोंदणी कायदा मार्च २०२४ पासून लागू आहे. सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या किंवा त्यांवरील भाष्य ठरावीक कालावधीने छापून प्रसिद्ध करणारे प्रकाशन त्याच्या कक्षेत येते. निव्वळ शैक्षणिक, शास्त्रीय वा तांत्रिक स्वरूपाची जर्नल्स त्यातून वगळलेली आहेत. तुमच्या अंकाचे तुम्ही केलेले वर्णन पाहता तो भाष्याचाच आहे, म्हणून पुढचा अंक छापण्यापूर्वी नोंदणी करून घेणे इष्ट. अर्ज ऑनलाइन करता येतो.

दुसरी गोष्ट नकाशांची, आणि तुमच्या विषयात ती टळणार नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाखाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परदेशी संकेतस्थळांवरच्या नकाशांत जम्मू-काश्मीर आणि अरुणाचल प्रदेश यांच्या सीमा अनेकदा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. असा नकाशा पश्चिम आशियावरच्या लेखाबरोबर, केवळ कोपऱ्यात भारत दिसतो म्हणून, नजरचुकीने छापला जाऊ शकतो. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरचा नकाशा घ्या आणि शेवटचे मुद्रित हाती आले की त्यातल्या सीमा पुन्हा एकदा ताडून पाहा.

अक्षांश_रेखांश

सर्वांचे मनापासून आभार. काल सायंकाळी आम्ही सातही जण बसलो आणि सर्व प्रतिसाद मोठ्याने वाचले. चौथा अंक तांबडा समुद्र आणि महाराष्ट्राची निर्यात या एकाच विषयावर काढायचा, असे ठरले आहे. आमच्यातली एक जण निफाडची आहे. तिचे काका द्राक्ष बागायतदार आहेत आणि २०२४ च्या हंगामातली जहाजभाड्याची बिले दाखवायला ते तयार आहेत. प्रथम वर्षातल्या दोघींना आजपासूनच सहसंपादक केले असून वही त्यांच्याच हाती दिली आहे. प्राध्यापकांशीही बोललो. त्यांनी सल्लागार होण्याचे आनंदाने मान्य केले. इंग्रजी गोषवाऱ्याची सूचनाही आम्ही स्वीकारली आहे.

काना_मात्रा, आपल्याला एक प्रश्न विचारायचा राहिला. तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनमधल्या गटाचे नाव आमच्याच दोन लेखांत दोन प्रकारे आले आहे. ‘हौथी’ लिहावे की ‘हुती’?

काना_मात्रा

अरबी उच्चारातला पहिला स्वर दीर्घ ‘ऊ’ आहे आणि पुढचे व्यंजन ‘थ’ला जवळचे आहे, म्हणून ‘हूथी’ लिहावे. ‘हौथी’ हे इंग्रजी अक्षरांवरून वाचलेले रूप आहे. पहिल्या उल्लेखात ‘अन्सार अल्ला’ हे त्या गटाने स्वतः घेतलेले नाव द्या आणि हे दोन्ही शब्द वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.