एरिचेला गेला होतात का? अनुभव लिहा

सिसिलीच्या पश्चिम टोकाला, त्रापानी शहराच्या अगदी डोक्यावर सुमारे 750 मीटर उंचीवर एरिचे वसलंय. तिथे जाऊन आलेल्यांनी काय पाहिलं, काय हुकलं ते मनमोकळं लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही ऑक्टोबरात गेलो. वारा सुटला म्हणून रोपवे बंद, मग बसने घाट चढलो. वर सगळं गाव ढगात. तिथले लोक या धुक्याला व्हीनस देवीचं चुंबन म्हणतात. नवरा परत फिरू म्हणाला, मी हटून बसले. तासाभराने ढग फाटला आणि खाली त्रापानीची मिठागरं आरशाच्या तुकड्यांसारखी चमकली, पलीकडे एगादी बेटं. माझे डोळे भरून आले.

*

आम्हाला ढग शेवटपर्यंत हटलेला दिसला नाही. पण किल्ल्यावर थांबलोच. बाराव्या शतकातला नॉर्मन किल्ला, देवीच्या जुन्या देवळाच्या जागेवर बांधलेला. फिनिशियन तिला अस्तार्ते म्हणत, ग्रीक अफ्रोडाइटी, रोमन व्हीनस. राज्यं बदलली तरी डोंगर देवीचाच राहिला. आपल्या गडांवरच्या देव्या आठवल्या, नकळत हात जोडले गेले.

*

सोबत आई होती, गुडघे दुखरे. गल्ल्यांतली दगडी फरसबंदी झिजून गुळगुळीत झालीय, धुक्याने ओली असली की पाय सटकतोच. रबरी तळव्याचे बूट हवेतच. वेशीजवळच मोठं चर्च आहे, तिथे ती निवांत बसली. त्याचा घंटेचा मनोरा मुळात टेहळणीचा.

*

मी भौतिकशास्त्राच्या अभ्यासवर्गासाठी आठवडाभर राहिलो. 1938 साली बेपत्ता झालेला इटालियन भौतिकशास्त्रज्ञ एत्तोरे मायोराना, त्याच्या नावाचं विज्ञानकेंद्र इथल्या जुन्या मठांत चालतं. संध्याकाळी दिवसाचे प्रवासी उतरले की गल्लीत फक्त आपल्याच पावलांचा आवाज. एक रात्र तरी राहाच, असं मी प्रत्येकाला सांगतो.

*

जेनोवेझे खाल्ल्याशिवाय उतरू नका! पिठीसाखर भुरभुरलेली गोल, खुसखुशीत पारी, आत गरम कस्टर्ड. (अंडं असतं, न खाणाऱ्यांनी जपून.) मारिया ग्रामाटिको लहानपणी सान कार्लोच्या मठात वाढल्या, तिथेच बदामाची मिठाई शिकल्या, त्यांचं दुकान गावातच आहे. मी दोन तिथेच खाल्ले, चार बांधून घेतले. ते त्रापानीपर्यंतही पोचले नाहीत.

*

रोपवेने जायचं असेल तर निघण्याआधी खालच्या स्थानकावर चौकशी करा आणि बसची वेळही टिपून ठेवा. स्वेटर घ्याच. खाली उकडत होतं, वर माझे दात वाजत होते.