पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून स्वारगेट: मेट्रो की कॅब?

विमान संध्याकाळी ७ ला उतरतं, सोबत एक बॅग. स्वारगेटला कसं जावं?

– मेट्रोच. ७ वाजता नगर रस्ता तुंबलेला असतो. विमानतळावर स्टेशन नाही, म्हणून रामवाडीपर्यंत रिक्षा, सुमारे ४-५ किमी. तिथून वनाझकडे जाणारी मेट्रो. जिल्हा न्यायालय म्हणजे सिव्हिल कोर्टला गाडी बदला: तिथला स्वारगेटच्या गाडीचा फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. बॅग असेल तर सरकत्या जिन्यांपेक्षा लिफ्ट शोधा.

– कॅबच हवी असेल तर ती टर्मिनलच्या दारात नाही, विमानतळाच्या आवारातल्या एरोमॉल या इमारतीच्या पार्किंगमध्ये मिळते. बॅग हातात आल्यावर आधी तिथे पोहोचा, मगच बुक करा. सामानाच्या पट्ट्याजवळूनच बुक केली तर चालक ताटकळतो आणि फेरी रद्द होते.

– धावपट्टीचे फोटो नकोत, हवाई दलाचा तळ आहे.