दोन पाळ्यांमधले आठ तास : आपले अनुभव लिहावेत

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक साधी चूक झाली. चाकण परिसरातील एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करतो. दुसरी पाळी रात्री ११ वाजता संपली आणि एक सहकारी अचानक रजेवर गेल्यामुळे मला लगेच सकाळी ७ च्या पहिल्या पाळीला बोलावण्यात आले. कागदावर मध्ये आठ तास होते. त्यातून बसचा जाण्यायेण्याचा वेळ, जेवण आणि सकाळचे आवरणे वजा केले, तर अंथरुणावर साडेचार तासही उरले नाहीत, आणि त्यातला पहिला अर्धा तास छताकडे पाहण्यात गेला. सकाळी दहाच्या सुमारास व्हर्निअरवर घेतलेली मापे मी तक्त्यात एक ओळ खाली लिहू लागलो आणि सलग चौदा नोंदी चुकल्या. विशेष म्हणजे त्या वेळी मला झोप येत नव्हती. आपण ठीक आहोत, असेच मला वाटत होते.

युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार दर चोवीस तासांत सलग किमान ११ तास विश्रांती मिळाली पाहिजे. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात दिवसाचे काम ९ तास आणि मधल्या सुट्ट्यांसह एकूण पसारा साडेदहा तास अशी मर्यादा घातली गेली होती. परंतु त्या कायद्यातला दिवस मध्यरात्री सुरू होत असे, त्यामुळे रात्री ११ ला संपलेली पाळी एका दिवसाची आणि सकाळी ७ ची दुसऱ्या दिवसाची ठरत असे, आणि दोन्ही दिवस आपापल्या जागी नियमात बसत. मधल्या रात्रीचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो.

तो हिशेब येथे मांडावा, अशी विनंती आहे. आपल्याला दोन पाळ्यांमध्ये प्रत्यक्ष किती वेळ मिळतो, त्यातली झोप किती, आणि दुसऱ्या दिवशी डोके नेमके कोठे अडखळते, हे लिहावे. आस्थापनेचे नाव लिहू नये.

परिचारिका, नागपूर

आमच्याकडे इव्हनिंग रात्री साडेनऊला संपते आणि मॉर्निंग साडेसातला सुरू होते. म्हणजे दहा तास. पण रुग्णांची सर्व माहिती पुढच्या सिस्टरला सोपवून वॉर्डाबाहेर पडेपर्यंत सव्वादहा होतात. घरी पोहोचल्यावर शरीर आडवे होते, मन मात्र वॉर्डातच फिरत राहते. सात नंबरच्या रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी केल्याचे लिहिले का, बारा नंबरचे सलाईन किती उरले होते, असे प्रश्न एकामागून एक येतात. कामाच्या तासांत जी दक्षता उपयोगी पडते, तीच घरी झोप लागू देत नाही. अशा रात्री मी चार ते साडेचार तासच झोपते, असे माझ्या वहीतील तीन महिन्यांच्या नोंदी सांगतात.

दुसऱ्या सकाळी इन्सुलिनचे युनिट मी तीनदा वाचते. वाचलेले कळते, पण सिरिंजकडे वळेपर्यंत आकडा निसटलेला असतो. दोघींनी मिळून मात्रा तपासण्याची पद्धत असल्यामुळे अद्याप काही विपरीत घडलेले नाही. एरवी ती पद्धत मला वेळखाऊ वाटते, त्या दिवशी मात्र आधार वाटतो.

पाळ्यांचा क्रम मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट असा पुढे सरकत ठेवला, तर प्रत्येक बदलाला विश्रांती वाढते. उलटा ठेवला तर ती कापली जाते. हे मी इन्चार्ज सिस्टरांना सांगितले तेव्हा विरोध वरिष्ठांकडून न होता माझ्याच मैत्रिणींकडून झाला. इव्हनिंगला लागून मॉर्निंग घेतली की दुपारीच मोकळे होऊन गावी जाता येते आणि मुलांबरोबर जवळपास दोन दिवस मिळतात. त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही, आणि खरे सांगायचे तर दिवाळीत मीही तसाच क्रम मागून घेतला होता.

निवृत्त लोको पायलट, भुसावळ

मालगाडीवर असताना आम्हाला विश्रांती नियमाप्रमाणे मिळत असे. आठ तासांहून अधिक काम झाले की मुख्यालयी सोळा तास आणि बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिगृहात, आठ. रनिंग रूममध्ये शांतता, पडदे, गरम जेवण, सर्व काही असे. प्रश्न घड्याळाच्या काट्यांचा होता. पहाटे पाचला काम संपवून झोपलेला माणूस उन्हे वर आली की नऊला जागा होतो, कितीही जाड पडदा असो. आणि दुपारी चारला पोहोचून, मध्यरात्रीच्या गाडीसाठी संध्याकाळी सात वाजता डोळे मिटले, तर झोप जवळही फिरकत नसे. ती बरोबर साडेनऊच्या सुमारास येई आणि दहाला कामावर येण्याचा कॉल येई. अर्ध्या तासाच्या झोपेतून उठलेला माणूस, न झोपलेल्या माणसापेक्षाही पहिली वीस मिनिटे जड असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

पहाटे तीन ते पाच हा काळ सर्वांत अवघड. आम्ही दोघे प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारत असू. नवख्या सहायकांना तो उपचार वाटे. परंतु समोरच्याच्या आवाजात अर्ध्या क्षणाचा उशीर झाला की मला कळत असे, आणि माझा उशीर त्याला कळे. ज्याचा त्याला कधीच कळत नसे.

धागा सुरू करणारा

आपण शेवटी जे लिहिले आहे, त्याला प्रयोगाची साक्ष आहे. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही निरोगी माणसांना सलग चौदा रात्री सहा तासांपेक्षा अधिक झोपू दिले नव्हते. पडद्यावर खूण दिसताच बटण दाबण्याच्या साध्या चाचणीत त्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि अखेरीस सलग जागरण केलेल्या माणसाइतकी खाली आली. पण ‘किती झोप येत आहे’ या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. माझ्या चौदा नोंदींचे कोडे मला तेथे उलगडले. संध्याकाळी झोप न लागण्याचेही कारण आहे : नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीराचे घड्याळ जागे ठेवण्याचा जोर सर्वाधिक लावते, त्यामुळे लवकर झोपून भरपाई करावी हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण ठरते.

बसवाहक, कोकण

माझी मुक्कामाची गाडी आहे. रात्री पावणेदहाला शेवटच्या गावी पोहोचतो आणि पहाटे पावणेसहाला तीच घेऊन निघतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास विश्रांती सांगितली होती, आणि मला आठ मिळतात. तिकिटाचे गणित आता यंत्र करते, सुट्या पैशांचे मलाच करावे लागते. एकदा शंभराची नोट घेऊन पाचशेचे सुटे परत दिले. त्या बाईंनी ते प्रामाणिकपणे परत केले आणि ‘भाऊ, चहा घेतला नाही का आज?’ असे विचारले.

निवासी डॉक्टर, मुंबई

आमच्याकडे मधली विश्रांती कमी असण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण अनेकदा ती नसतेच. छत्तीस तासांनंतर चार-पाच तास झोप आणि पुन्हा राउंड. माझे निरीक्षण थोडे वेगळे आहे. औषधाची मात्रा मी चुकलेलो नाही, कारण तेथे भीती जागे ठेवते. मी चुकतो ते नातेवाइकांशी बोलताना. वृद्ध आईने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की माझा आवाज चढतो, आणि तो चढल्याचे मला समोरचा चेहरा पाहून समजते.

यंत्रमाग कामगाराची मुलगी, इचलकरंजी

मी स्वतः पाळीत काम करीत नाही, तरीही लिहिते. वडिलांची बारा तासांची पाळी होती, एक आठवडा दिवसाची आणि एक रात्रीची. मजुरी पिकावर, म्हणजे जितके कापड तितके पैसे, त्यामुळे कोणी आले नाही की ते आनंदाने जादा मागांवर उभे राहत. एका खोलीचे घर होते. ते झोपले की आम्ही भांडी वाजू देत नसू, पण शेजारचे माग थांबत नसत.

पाळी बदलण्याच्या आठवड्यात ते एकच गोष्ट दोन-तीनदा विचारीत. ‘दूध आले का?’ आई प्रत्येक वेळी नव्याने उत्तर देई आणि आम्हाला हसू देत नसे. आता माझा भाऊ परदेशी ग्राहकांच्या वेळेप्रमाणे घरूनच काम करतो, आणि कधी रात्री दोनला संपवून सकाळी नऊच्या बैठकीला बसतो. मागच्या गुरुवारी त्याने आईला विचारले, ‘कुरिअर आले का?’ थोड्या वेळाने पुन्हा विचारले. आईने उत्तर दिले, उठून त्याच्या खोलीचा पडदा ओढला आणि मला मिक्सर बंद करण्याची खूण केली.