स्वस्त इअरफोन कसा पारखता? आवाज आणि कानाचं सुख, दोन्हींबद्दल लिहा

कानात घालायच्या स्वस्त इअरफोनच्या खोक्यावर ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर) किती मिलिमीटरचा आणि फ्रीक्वेन्सी कुठपासून कुठपर्यंत हे ठळक छापलेलं असतं. त्यावरून आवाजाबद्दल काहीही कळत नाही. १० मिमीचा ड्रायव्हर ६ मिमीच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त बास देईलच असं नाही. बास ठरतो तो ड्रायव्हरचा पडदा, कवचाच्या आतली हवा, कवचावरची बारीक छिद्रं आणि कानात बसलेली सिलिकॉनची किंवा फोमची मऊ टिप, या सगळ्यांवर. ४० किलोहर्ट्झपर्यंतच्या आकड्याचंही तेच. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही आणि वयाबरोबर ती हद्द खाली सरकत जाते. म्हणून ज्यांच्या हाताखालून असे बरेच इअरफोन गेलेत त्यांनी आपापली पारखायची रीत इथे लिहावी. 'मस्त आहे' किंवा 'फालतू आहे' एवढंच नको. काय केलं की काय कळतं, ते हवं.

सुरुवात मीच करतो. पहिली दहा मिनिटं मी गाणं लावतच नाही. ४० हर्ट्झचा शुद्ध सूर हलक्या आवाजात लावायचा आणि दोन्ही इअरफोन बोटांनी किंचित आत दाबायचे. दाबल्यावर सूर एकदम भरला आणि बोट काढताच विरला, तर टिप कानाला नीट लागलेली नाही. टिपेच्या पुढे कानाच्या नळीत जेमतेम एक मिलिलिटरच्या आसपास हवा असते. ती कोंडलेली असते तोवर इवलासा पडदाही खर्ज देऊ शकतो. केसाएवढी फट राहिली की खालचे सूर तिथून निसटतात, वरचे तसेच राहतात, आणि तोच इअरफोन पातळ, चिरका वाटायला लागतो. 'बासच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा ही फट असते. बोट लावलं काय, काढलं काय, सूर तसाच राहिला की मगच पुढचं काही ऐकावं.

* * *

टिप्सबद्दल सविस्तर लिहिते, कारण स्वस्त इअरफोनमध्ये सगळ्यात जास्त काटकसर इथेच होते. खोक्यात तीन जोड्या येतात आणि मधल्या आकाराची आधीच चढवलेली असते. बरेच जण तीच कायम वापरतात. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या नसतात. उजवीकडे मधली आणि डावीकडे मोठी टिप लागणं अगदी नेहमीचं आहे, त्यात वावगं काही नाही.

घालायची पद्धत: उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा. त्याने नळी थोडी सरळ होते. इअरफोन आत सरकवताना स्क्रूसारखा किंचित फिरवायचा आणि मग कान सोडायचा. सरळ खुपसला तर टिपेची कड आत दुमडते आणि त्या घडीतून हवा जाते. बाहेर काढून पाहिलं तर कडेवर अर्धचंद्रासारखी वळी दिसते, ती या दुमडण्याची खूण.

टिपेचं तोंड किती रुंद आहे तेही पाहा. तोंड अरुंद असेल तर वरचे सूर थोडे दबतात आणि बास पुढे आल्यासारखा वाटतो. रुंद तोंडाची टिप आवाज मोकळा करते, पण आधीच टोचणारा इअरफोन तिने आणखी टोचतो. फोमची टिप बोटांत वळून बारीक करायची, आत घालायची आणि फुगेपर्यंत साधारण अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. लगेच सोडली तर फुगताना बाहेर सरकते. फोम वरचे सूर किंचित शोषतो आणि कानात पकडही चांगली धरतो. मात्र घाम आणि मळ पितो. दाबल्यावर पूर्ववत व्हायला फार वेळ लागायला लागला की ती जोडी टाकायची.

* * *

फोम-सिलिकॉन दुय्यम. आधी कान कुठे दुखतोय ते ओळखा, कारण दुखण्याची जागाच कारण सांगते.

नळीच्या तोंडाशी सगळीकडून ताण, जळजळ, नंतर खाज: टिप मोठी आहे. बाहेरच्या खोलगट भागात एकाच बिंदूवर ठणका: कवचाची कड रुततेय, तिथे टिप बदलून भागणार नाही. लांब मानेची टिप लावून कवच एखादा मिलिमीटर बाहेर आलं तर कधीकधी सुटका होते. आत खोलवर बोचणं: नॉझल, म्हणजे टिप जिच्यावर चढते ती नळी, लांब आहे किंवा टिपेच्या पुढे डोकावतेय. दुखत काहीच नाही पण कानात दडे बसल्यासारखं वाटतंय: आतली हवा दाबली गेलीय आणि तिला वाट नाही. असा इअरफोन घालताना कागद चुरगळल्यासारखा 'करकर' आवाजही येतो. तो हवेच्या दाबाने पडदा वाकल्याचा. सावकाश घातला आणि घालताना तोंड उघडं ठेवलं तर कमी होतो, पण रोज करकरणारा इअरफोन मी तरी ठेवणार नाही.

सुखाची चाचणी पाच मिनिटांत होत नाही. निदान ४५ मिनिटं सलग घाला, त्यात बोला, काहीतरी चावा, मान वळवा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि बसून घट्ट वाटणारा इअरफोन घास चावताना सुटतो. स्वतःचा आवाज डोक्यात घुमणं, पावलांचे धपधप आवाज येणं हा नळी बंद झाल्याचा परिणाम आहे, दोष नव्हे. टिप थोडी खोल बसली की तो कमी होतो.

* * *

डावं-उजवं सारखं आहे का, हे स्वस्तात सर्वांत आधी तपासण्यासारखं. दोन ड्रायव्हर जुळवून जोडी लावायला वेळ आणि पैसा लागतो, आणि बचत नेमकी तिथेच होते.

फोनच्या सेटिंगमधला बॅलन्स बरोबर मध्ये आहे ना हे आधी बघायचं. मग मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू करून कुणाचंतरी बोलणं लावायचं. आवाज कपाळाच्या मधोमध एका ठिपक्यासारखा उभा राहिला पाहिजे. एका बाजूला झुकला तर इअरफोनची अदलाबदल करायची, डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्यात, उलटे बसले तरी चालतील. झुकाव इअरफोनबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष इअरफोनचा. त्याच बाजूला राहिला तर त्या कानात टिप नीट बसत नाही किंवा फरक तुमच्या कानाचाच.

यात एक प्रकार हमखास निसटतो. आवाज कुठेच झुकत नाही, पण मध्येही उभा राहत नाही, डोक्याभोवती पसरतो आणि बास पोकळ होतो. एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या की असं होतं: एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. सुट्या केबलच्या ०.७८ मिमी दोन-पिन जोडणीत पिना उलट्या घातल्यानेही हेच घडतं. एका बाजूच्या पिना फिरवून लावा, आवाज झटकन मध्ये गोळा होतो.

* * *

वरचे सूर पारखायला मराठी बोलणं उत्तम. 'सकाळी साडेसहाला शेजारच्या शाळेची शिट्टी' असं वाक्य मोकळ्या आवाजात रेकॉर्ड केलेलं असावं. त्यातला 'स' फुसकारला, 'श' आणि 'च' बाकीच्या अक्षरांच्या पुढे उडी मारून आले, तर साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये उंचवटा आहे असं समजा. तंबोऱ्याची जवारीही हे दाखवते: सुरांचं जाळं सलग उलगडण्याऐवजी एखादाच धागा चमकत राहतो. खर्जासाठी तबल्याचा डग्गा. मनगटाने दाबून घसरवलेला 'घे' खाली-वर जाताना त्याचा सूर कळला पाहिजे. नुसतंच 'ढब' आलं तर बास भरपूर आहे, पण साफ नाही.

नेमकी जागा शोधायची असेल तर २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा सूर हलक्या आवाजात लावा आणि कुठे टोचतो ते आकड्यात टिपा. ३ किलोहर्ट्झच्या आसपास चढ असणारच, आणि तो हवाच. उघड्या कानाची नळी स्वतःच तिथे आवाज वाढवते, टिपेने ती बंद झाल्यावर ती भरपाई इअरफोनने करायची असते. ८ किलोहर्ट्झच्या आसपासच्या टोकाचं मात्र वेगळं आहे: टिप किती खोल गेली यावर ते सरकतं. खोल घातली की वर जातं, बाहेर ओढली की खाली येतं. त्यामुळे छापील आलेखावर त्या भागात विसंबू नका, आपल्या कानाने शोधा. सापडलेल्या आकड्यावर इक्वलायझरमध्ये ३ डेसिबल कमी करा, पट्टा अरुंद ठेवा. बास वाढवणार असाल तर जितका वाढवाल तितकाच प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण पातळी) उणे करा, नाहीतर जोरकस जागी आवाज फाटेल.

* * *

दोन इअरफोनची तुलना करताना मोठ्याने वाजणारा नेहमी चांगला वाटतो, एका डेसिबलचा फरक असला तरी. शिवाय आवाज वाढला की कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही जास्त जाणवतात. म्हणून आधी पातळी जुळवा. टिपेवर घट्ट बसेल अशी छोटी प्लास्टिकची नळी घ्या, तिचं दुसरं टोक फोनच्या माइकवर टेकवा, १ किलोहर्ट्झचा सूर लावा आणि दोन्ही इअरफोनना आवाज मोजणाऱ्या ॲपवर सारखा आकडा येईल अशी पातळी ठरवा. आकडा खरा किती याला इथे अर्थ नाही, दोन्हींना सारखा आला की झालं.

'५० तास वाजवला की खुलतो' हे मला पटत नाही. त्या काळात कान टिपेला आणि त्या आवाजाला सरावतो. पहिल्या दिवशी कर्कश असलेला नंतर सुसह्य झाला तर कान बोथट झालाय का, हे जुन्या इअरफोनशी ताडून पाहा.

आणि पातळीचा विषय निघालाच आहे तर: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. टिप नीट बसलेली असली की बाहेरचा गोंगाट अडतो आणि आवाज वाढवायची गरजच कमी होते.

* * *

केबलवाल्यांसाठी थोडक्यात. तार कपड्याला घासली की कानात खरखर होते. कानावरून मागे घेऊन घातली तर बरीच थांबते, उरलेली कॉलरला चिमटा लावून. सरळ लोंबणाऱ्या तारेचे इअरफोनही डावा-उजवा बदलून असे घालता येतात, फक्त गाण्याच्या बाजू उलटतात. तार तुटते ती बहुतेकदा प्लगच्या मानेशी किंवा जिथे तिला दोन फाटे फुटतात तिथे. फोनभोवती गुंडाळू नका, सैल वेटोळं करून ठेवा.

* * *

एका बाजूचा आवाज महिन्याभरात हळूहळू मंद झाला तर ड्रायव्हर गेला असं लगेच म्हणू नका. टिप काढून नॉझलच्या तोंडावरची जाळी टॉर्चच्या प्रकाशात तिरकी धरून बघा. स्वच्छ जाळीची सगळी भोकं सारखी चमकतात. मळ बसलेली जागा पिवळट, तुळतुळीत दिसते, आणि ओल असेल तर भोकांवर पाण्याचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. एवढ्याने सगळे वरचे सूर गायब होतात.

नॉझल जमिनीकडे करून कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडतो. सुई टोचायची नाही, फुंकायचं नाही, पाणी लावायचं नाही. टिप्स मात्र काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत चढवा. ओल असेल तर इअरफोन रात्रभर सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत ठेवा. जाळी निघालीच तर गोंद असलेल्या सुट्या जाळ्या मिळतात. आधी नॉझलचा व्यास मोजून घ्या आणि जुनीइतकीच विरळ जाळी लावा. फार विरळ लावली तर वरचे सूर टोचतात, आणि दोन्ही बाजूंना एकसारखी नसेल तर आवाज पुन्हा एकीकडे झुकतो.