हायवेच्या डायवर्शनले बोर्डच नाही, तक्रार कुठी करू?

आमच्या गावाजवळ नॅशनल हायवेचं काम चालू हाय, वळणावर ना बोर्ड ना रेडियम, परवा रात्री काकाची बाईक सरळ गिट्टीच्या ढिगावर गेली. हात मोडला. कापूस वेचणीवर आला अन् माणूस प्लास्टर घेऊन बसला. ठेकेदारावर काही होते का?

— होते भाऊ. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 198अ आलं, रस्ता सुरक्षेची मानकं न पाळल्यानं मृत्यू नाहीतर अपंगत्व आलं तर ठेकेदाराले 1 लाखापर्यंत दंड. म्हणून डॉक्टरचे कागद सांभाळा.

— 1033 या नॅशनल हायवेच्या हेल्पलाइनवर फोन करा, रात्रीचेही फोटो काढा. ज्यानं काकाले दवाखान्यात नेलं त्याले साक्षीची जबरदस्ती नाही, त्याच कायद्याचं कलम 134अ पाहा.

— पेट्रोल-डिझेलवर रस्त्यासाठी सेस आपणच भरतो न, 2000 चा कायदाच हाय त्याचा, मंग एक बोर्ड काहून लागत नाही?